शेअरमध्ये ॲप दिसतं, पण फाईल उघडत नाही

तुमचा प्रश्न असा: अँड्रॉइडवर सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाईल) 'शेअर' केली की तुमचं ॲप यादीत येतं, पण त्याच फाईलवर टॅप केलं की येत नाही. आणि कधी आलंच, तर उघडलेली फाईल दुसऱ्या दिवशी मिळत नाही.

या दोन्ही खड्ड्यांत मी पडून आलोय. नागपुरात कळमना बाजारातल्या एका अडत्यासाठी छोटं ॲप केलं होतं. काट्यावरच्या संगणकातून निघालेली वजनाची सीएसव्ही त्याला फोनवर यायची, ती ॲपमध्ये उघडून हिशेब लावायचा, एवढंच काम.

आधी टॅपचं बघू. शेअर आणि टॅप ही दोन वेगळी दारं आहेत. शेअर म्हणजे 'ॲक्शन सेंड', टॅप म्हणजे 'ॲक्शन व्ह्यू'. ॲपकडे येणाऱ्या अशा प्रत्येक मागणीला 'इंटेंट' म्हणतात. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपची माहिती सिस्टीमला देणाऱ्या फाईलमध्ये, दोघांचे इंटेंट फिल्टर (कोणत्या मागण्या घ्यायच्या त्याची नोंद) वेगळे लिहा. 'व्ह्यू'मध्ये 'डिफॉल्ट' कॅटेगरी विसरू नका. फाईलचा पत्ताही दोन ठिकाणी असतो: 'व्ह्यू'ला इंटेंटच्या डेटामध्ये, 'सेंड'ला 'एक्स्ट्रा स्ट्रीम'मध्ये. अँड्रॉइड १२ पासून 'एक्स्पोर्टेड' (बाहेरच्या ॲपना हे दार उघडं आहे की नाही) स्पष्ट लिहावंच लागतं; शेअरमध्ये ॲप येतंय, म्हणजे ते तुमचं झालेलं दिसतं.

तरी दिसत नसेल तर गोची माइम टाइपची, म्हणजे फाईलसोबत येणाऱ्या तिच्या प्रकाराच्या लेबलची आहे. सीएसव्ही कुणी 'टेक्स्ट/सीएसव्ही' म्हणून पाठवतं, कुणी 'टेक्स्ट/कॉमा-सेपरेटेड-व्हॅल्यूज', कुणी एक्सेलच्या नावावर खपवतं, आणि कुणी सरळ 'ऑक्टेट-स्ट्रीम', म्हणजे 'काय आहे ते तुम्हीच बघा'. मी चारही घेतो आणि आत पहिली ओळ वाचून ठरवतो. सगळ्याच प्रकारांना दार उघडं ठेवू नका. लग्नाच्या फोटोवर टॅप केल्यावर हिशेबाचं ॲप पुढे आलं तर माणूस ते काढूनच टाकतो. फिल्टरच्या पाथ पॅटर्नमध्ये (पत्ता कसा दिसावा ते सांगणारी ओळ) '.सीएसव्ही' लिहून भागेल असं मलाही वाटलं होतं. पण 'कंटेंट' पत्त्याच्या (फाईलची खरी जागा न सांगता दुसरं ॲप देतं तो पत्ता) शेवटी बरेचदा नुसता एक आकडा असतो, फाईलचं नाव नसतंच. अँड्रॉइड ७ पासून 'फाईल' पत्ता (फाईलची थेट जागा) दुसऱ्या ॲपला द्यायला गेलं की देणारं ॲप कोसळतं, म्हणून आता बहुतेक सगळे 'कंटेंट'च देतात.

आता दुसऱ्या दिवसाचं. तो 'कंटेंट' पत्ता म्हणजे फाईल नव्हे, थोड्या वेळासाठी उसना दिलेला पास आहे. तुमची ॲक्टिव्हिटी संपली की पासही संपला. मी शहाणपणानं तो पत्ता डेटाबेसमध्ये साठवला. संध्याकाळी सगळं झकास. सकाळी हर्रास सुरू असताना फोन: "भाऊ, कालची फाईल उघडून नाही राहिली!" लॉगमध्ये सिक्युरिटी एक्सेप्शन, म्हणजे परवानगी नसल्याची चूक.

म्हणून इंटेंट आला की लगेच 'कंटेंट रिझॉल्व्हर'नं (असे पत्ते उघडून देणारी अँड्रॉइडची सोय) इनपुट स्ट्रीम उघडा आणि फाईल आपल्या ॲपच्या फोल्डरमध्ये कॉपी करा. हे काम स्क्रीन चालवणाऱ्या मुख्य थ्रेडवर नको, फाईल क्लाउडवरून येत असली तर स्क्रीन गोठते. दाखवायचं नाव 'डिस्प्ले नेम' कॉलममधून घ्या, पण कॉपी त्या नावानं करू नका, स्वतःचं नाव द्या. समोरचं ॲप नावात '../' ('एक फोल्डर वर जा' अशी खूण) घुसवून तुमचीच एखादी फाईल पुसू शकतं. मायक्रोसॉफ्टनं मे २०२४ मध्ये 'डर्टी स्ट्रीम' म्हणून दाखवली ती पळवाट हीच.

लाँच मोड (स्क्रीन नव्यानं उघडायची की आधीचीच वापरायची, ते ठरवणारी सेटिंग) 'सिंगल टॉप' किंवा 'सिंगल टास्क' असेल तर 'ऑन न्यू इंटेंट' हे फंक्शनही लिहा, नाहीतर ॲप आधीच उघडं असताना नवीन फाईल पाठवली तरी जुनीच दिसत राहते.

तपासताना ईमेल, चॅट आणि फाईल मॅनेजर अशा तिन्हींकडून तीच फाईल उघडा आणि प्रत्येक वेळी आलेला माइम टाइप लॉगमध्ये छापा. मग फोन बंद करून चालू करा आणि आधीची फाईल ॲपमधूनच उघडून बघा.