रोमन प्रांत वाचायला घेताय? आधी एकच धरा

सम्राटांच्या याद्या पाठ करत बसू नका. नवखे बहुतेक तिथेच अडकतात. मी रोमन इजिप्त सुचवेन. तिथल्या कोरड्या वाळूत सामान्य माणसांचे पपायरस (त्या नावाच्या पाणवनस्पतीपासून केलेल्या कागदावरचे लेख) टिकले: करपावत्या, भाडेकरार, तक्रारअर्ज, घरची पत्रं. ऑक्सिरिंकस या तिथल्या शहराच्या उकिरड्यांतून तर ते ढिगानं निघाले!

वाचताना एवढंच बघा:
- अर्ज कोण करतंय, कोणाकडे?
- भाषा कोणती? कारभार बहुतांशी ग्रीकमध्ये चाले, लॅटिनमध्ये नव्हे. इथे बरेच जण फसतात.
- डोईपट्टी कोणाला? रोमन नागरिकांना माफ. खेड्यातल्या इजिप्शियन पुरुषाला मात्र पूर्ण दरानं. सत्ता म्हणजे काय, ते इथे दिसतं.

इ.स. २१२ मध्ये सम्राट काराकल्लानं साम्राज्यातल्या जवळपास सगळ्या मुक्त (गुलाम नसलेल्या) रहिवाशांना नागरिकत्व दिलं. कागद त्याआधीचा की नंतरचा, हे नक्की तपासा. कायद्याचे बारकावे सध्या राहू देत. इजिप्तवरून ब्रिटनसारख्या दुसऱ्या रोमन प्रांताबद्दल निष्कर्षही काढू नका.