डाउनलोडचं बटण कुणाचं?

व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर गूगलवर शोधला, पहिल्याच लिंकवरून घेतला. आता ब्राउझर उघडला की भलतंच सर्च इंजिन येतं. (सदाशिव पेठ)

त्या लिंकवर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं असणार. ती जागा पैसे मोजून मिळते, खरेपणावर नाही. २०२२ मध्ये ‘गिम्प’ या फोटो एडिटरच्या नावाने गूगलवर अशीच जाहिरात होती. दिसणारा पत्ता खरा, उघडणारी साइट नकली आणि फाइलमध्ये पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम. तेव्हा नुसता पत्ता वाचून भागत नाही. जाहिरातीची ओळ सोडूनच द्या. व्हीएलसी मिळतं व्हिडिओलॅन डॉट ऑर्गवर, तेही फुकट.

आता सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीत तारखेनुसार क्रम लावा. त्या दिवशी आलेलं सगळं अनोळखी काढा, ब्राउझरची एक्स्टेन्शन्स, म्हणजे त्याला जोडलेले छोटे प्रोग्रॅमही तपासा. मग पूर्ण स्कॅन करा. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदला, पण दुसऱ्या उपकरणावरून.

साइटच्या पत्त्यात सॉफ्टवेअरचं नाव असलं की ती खरी ना? (निगडी)

नाही हो. दूरच्या सर्व्हरशी जोडून देणाऱ्या ‘पुटी’ या प्रोग्रॅमचं उदाहरण घ्या, आयटीवाल्यांना माहीत असेल. पुटी डॉट ऑर्ग त्याच्या निर्मात्यांचं नाही. त्यांचं जुनं पान ज्या डोमेनवर, म्हणजे साइटच्या मुख्य पत्त्यावर, आहे, त्यात पुटीचा उल्लेखही नाही. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावरही विसंबू नका, ते नकली साइटलाही मिळतं. विकिपीडियाच्या लेखातला अधिकृत दुवा किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअर हा त्यातल्या त्यात बरा रस्ता. फाइल आली की उघडण्याआधी प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर, म्हणजे फाइल बनवणाऱ्याची सही, कुणाची आहे ते बघा. लहान मोफत प्रोग्रॅमना ती नसतेही, पण मोठ्या कंपनीच्या फाइलला नसेल तर ती डिलीट करा.

मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं क्रॅक, म्हणजे फुकटात चालवायची चोरवाट, टाकायला अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. करू? (अप्पा बळवंत चौक)

चोर आत यायचाय म्हणून कुत्रा बांधून ठेवा, असं सांगताहेत ते. त्याऐवजी तशीच कामं करणारं लिब्रेऑफिस घ्या. फुकट आहे, मेन्यू मराठीतही होतो.

प्रिंटरचा ड्रायव्हर शोधताना हेल्पलाइन मिळाली. त्यांनी एनीडेस्क (दुरून दुसऱ्याचा कम्प्युटर चालवायचं अ‍ॅप) घ्यायला लावलं आणि बँकेचं पान उघडायला सांगितलं. (हडपसर)

एनीडेस्क खरं, पण पलीकडचा माणूस खोटा. आधी इंटरनेट तोडा, मग बँकेला फोन करा. नंबर कार्डाच्या मागचा, गूगलवरचा नव्हे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. ड्रायव्हर प्रिंटर कंपनीच्या साइटवरच मिळतो, आणि बहुतेकदा विंडोज तो आपणहून टाकतं.