टोप्या आणि बंदुका नंतर बघू

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पटकथेचा आराखडा वाचला. तुझ्या दरोडेखोराची टोपी, गाडी, सिगारेट धरायची ढब, सगळं तू हौसेने लिहिलं आहेस. पण तो ज्या काळात दरोडे घालतोय त्या काळाने त्याचं काय केलं, हे कुठेच सापडलं नाही. म्हणून मायकल मानचा २००९ सालचा 'पब्लिक एनिमीज' बघ. आधी पाहिला असशील तर पुन्हा बघ, आणि या खेपेला जॉनी डेपच्या चेहऱ्यावरून नजर जरा बाजूला ने.

त्यात शिकागोमधल्या एका खोलीचा प्रसंग आहे. ओळीने टेबलं, टेबलांवर टेलिफोन, आणि माणसं घोड्यांच्या शर्यतीचा सट्टा घेतायत. डेपने केलेला बँकदरोडेखोर जॉन डिलिंजर आत येतो तो आपल्याला इथे मदत मिळेल या गुर्मीत. हा सट्टा चालवणाऱ्या टोळीचा माणूस त्याला शांतपणे हिशेब ऐकवतो. २३ ऑक्टोबर १९३३ ला इंडियानातल्या ग्रीनकॅसलची बँक तू लुटलीस, जवळपास ७५ हजार डॉलर नेलेस, तुला वाटलं मोठा हात मारला. एवढं तर हे फोन रोज कमावतात. आणि तू इथे असलास की पोलीस येतात, पोलीस आले की फोन बंद पडतात. कुणी आवाज चढवत नाही, कुणी बंदूक काढत नाही. पण देशातला सर्वांत नावाजलेला दरोडेखोर त्या खोलीतून बाहेर पडतो तेव्हा त्याचा धंदा बसलेला असतो. माझ्या मते अख्ख्या सिनेमाचा कणा तिथे आहे, गोळीबारात नाही.

दुसरी बाजू कायद्याची. तेव्हा बँक लुटणं हा त्या त्या राज्याचा गुन्हा होता. इंडियानात लुटायचं आणि वेगवान गाडीतून इलिनॉयची हद्द गाठायची. मागे लागलेले पोलीस हद्दीवर हात चोळत थांबायचे. दरोडेखोरांची सगळी मदार या फटीवर होती. ३ मार्च १९३४ ला डिलिंजर इंडियानातल्या क्राउन पॉइंटच्या तुरुंगातून पळाला तो चक्क शेरीफबाईंची गाडी घेऊन. सिनेमात ती गाडी सिग्नलला थांबते, आजूबाजूला पहारेकरी, आणि आपण दिवा हिरवा व्हायची वाट बघत बसतो. प्रसंग फक्कड आहेच, पण खरी मेख पुढे. चोरीची गाडी राज्याच्या हद्दीपार नेणं हा मात्र केंद्राचा गुन्हा होता. इतक्या बँका लुटून जे झालं नाही ते या गाडीमुळे झालं: केंद्राच्या तपास खात्याचा (पुढची एफबीआय) प्रमुख हूवर, त्याच्या माणसांना त्याच्यामागे लागायचा हक्क मिळाला. मे १९३४ मध्ये बँकदरोडाही केंद्राच्या कायद्यात आला आणि उरलीसुरली फट बुजली. २२ जुलैला शिकागोच्या बायोग्राफ थिएटरबाहेर डिलिंजरला गोळ्या घातल्या.

म्हणजे वर केंद्र सरकार आणि खाली टोळ्यांचा टेलिफोन, आणि हा मधल्यामध्ये. तुझ्या नायकाला तू एक हट्टी इन्स्पेक्टर दिलास, ठीक. पण त्याचा धंदा कालबाह्य कोण करतंय, ते मला आराखड्यात दिसलं पाहिजे.

सिनेमाची एक बाजू मला लंगडी वाटते, तीही सांगतो. लोकांना हा माणूस का आवडायचा? १९३० ते १९३३ दरम्यान अमेरिकेत नऊ हजारांवर बँका बुडाल्या होत्या आणि ठेवींना विमा नव्हता. तो १ जानेवारी १९३४ पासून आला. ज्याचे पैसे बँकेने बुडवले त्याला बँक लुटणारा जवळचा वाटणारच. सिनेमात डिलिंजर काउंटरवरच्या गिऱ्हाइकाला त्याचे पैसे उचलून ठेवायला सांगतो, म्हणतो आम्हाला बँकेचे हवेत. टाळ्या तिथे पडतात. पण ते गिऱ्हाईक कोण, त्याचं काय बुडालंय, हे मानने दाखवलं नाही. अमेरिकन प्रेक्षक समजून घेईल असं त्याने धरलं असावं. तू असं काही धरू नकोस. (तुम्हा वऱ्हाडकरांना हे कळायला हरकत नाही: १९६० साली केरळच्या पलाई सेंट्रल बँकेबरोबर बुडाली ती अकोल्याची लक्ष्मी बँक. त्यानंतर १९६२ मध्ये आपल्याकडे ठेव विमा आला. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचार, कुणाला तरी आठवत असेल.)

इतिहासाशी घेतलेल्या सवलतीही नीट बघ. सिनेमात प्रिटी बॉय फ्लॉइड हा दुसरा दरोडेखोर सुरुवातीलाच हूवरचा अधिकारी पर्व्हिस याच्या हातून मरतो. प्रत्यक्षात तो मेला ऑक्टोबर १९३४ मध्ये, म्हणजे डिलिंजरनंतर तीन महिन्यांनी. डिलिंजरचा साथीदार बेबी फेस नेल्सन सिनेमात त्याच्याआधी मरतो, प्रत्यक्षात तोही नोव्हेंबरपर्यंत जिवंत होता. पर्व्हिस पहिल्यापासून तयार शिकारी दिसावा म्हणून ही उलटापालट. मला ती पटत नाही. २२ एप्रिलला विस्कॉन्सिनमधल्या लिटल बोहेमिया लॉजवर डिलिंजरच्या टोळीला पकडायला गेलेल्या पर्व्हिसच्या लोकांनी भलत्याच माणसांवर गोळ्या झाडल्या, त्यात एक निरपराध गेला, आणि टोळी मागच्या बाजूने सटकली. असं चाचपडणारं खातं वर्षभरात कसं घडत गेलं, ही जास्त चांगली गोष्ट होती. तारखा हलवायच्या तर खुशाल हलव, पण हलवल्याने पात्र सोपं होत असेल तर थांब.

तो लॉजचा प्रसंग मात्र त्याच लॉजमध्ये चित्रित केलाय आणि तोही डिजिटल कॅमेऱ्यावर. अंधारात बंदुकीच्या तोंडाचा जाळ झाडांवर उमटतो, ओव्हरकोटच्या लोकरीचे धागे दिसतात, चेहऱ्यावरची रंध्रंसुद्धा. बऱ्याच जणांना हे खटकलं, जुना काळ जुना दिसत नाही म्हणून. मला आवडलं. डिलिंजरला स्वतःचा काळ तपकिरी दिसत नव्हता. तेव्हा आराखड्यात तू तीन ठिकाणी लिहिलेलं 'जुन्या फोटोसारखा रंग' आधी काढून टाक.

पुढच्या खर्ड्यात एकच प्रसंग लिहून पाठव, पानभर पुरे: तुझा दरोडेखोर अशा खोलीत शिरतो जिथे त्याच्यापेक्षा जास्त पैसा त्याच्यापेक्षा कमी धोक्यात मिळवला जातोय. गोळी सुटता कामा नये. नायकाला त्यात तीनपेक्षा जास्त वाक्यं देऊ नकोस.

तुझा,
सर