कादंबरीची तीन पाने

"मॅडम, असले पुस्तक सतरा वर्षांच्या मुलांना वर्गात शिकवतात का हो?" धंतोलीतील माझ्या समुपदेशन कक्षात बसताच त्या आईने मोबाइल पुढे केला. पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर फिरणारी एका कादंबरीची तीन पाने त्यावर होती. शेतमजूर स्त्रीवरील बलात्काराचे आणि जातिवाचक शिव्यांचे सविस्तर वर्णन त्यांत होते. मुलगी नागपुरातील एका शाळेत बारावीला असून आंतरराष्ट्रीय मंडळाच्या अभ्यासक्रमात तिने साहित्य उच्च स्तरावर घेतले होते. तिची झोप उडाली होती, म्हणून मुख्याध्यापकांना भेटून ते पुस्तकच काढायला लावायचे, असे घरी ठरले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

ही काळजी खरी असते. मात्र आईने कादंबरी वाचली नव्हती आणि नेमके काय झाले, हे मुलीलाही कोणी विचारले नव्हते.

मुलीशी मी स्वतंत्रपणे बोलले. तिने कादंबरी दोनदा वाचली होती आणि ती तिला फार मोलाची वाटत होती. झोप उडाली होती ती एका तासामुळे: शिक्षकांनी पूर्वसूचना न देता तोच प्रसंग तिला उभे राहून मोठ्याने वाचायला लावला, मागच्या बाकावर कोणी तरी हसले, घंटा झाली आणि त्यावर एक शब्दही न बोलता वर्ग सुटला.

'रंभा' मासिकाच्या 1962च्या दिवाळी अंकातील 'श्यामा' या कथेवरील अश्लीलतेच्या खटल्यात लेखक चंद्रकांत काकोडकर यांना 1969 साली निर्दोष ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, असे प्रसंग वाचल्यानेच किशोरवयीन मुले बिघडतील असे खात्रीने सांगता येत नाही. आयुष्यात त्यांना अशा प्रसंगांना तोंडही द्यावे लागू शकते. मला हे मनापासून पटते. ती कादंबरी त्या वर्गात असायलाच हवी, असे मी आईला स्पष्ट सांगितले. ज्या रीतीने ती शिकवली गेली, ती रीत मात्र बदलायला हवी होती.

आईच्या संमतीने मी शाळेला लिहिले: असा प्रसंग येण्याच्या आठवडाभर आधी विद्यार्थ्यांना सांगावे, तो घरी मनातल्या मनात वाचू द्यावा, चर्चेला पूर्ण तास ठेवावा आणि ज्याला तो नको असेल त्याला कारण न विचारता दुसरा उतारा द्यावा. कारण विचारणे म्हणजे जे त्या मुलाने किंवा मुलीने आजवर कोणालाच सांगितलेले नाही, ते सगळ्यांदेखत सांगायला लावणे. शिक्षकांनी आणखी एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी, असे मी सुचवले: अठरा वर्षांखालील मुलाने स्वतःवरील लैंगिक अत्याचार सांगितला, तर 2012च्या पॉक्सो कायद्यानुसार तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, म्हणून 'कोणाला सांगणार नाही' असे वचन देता येत नाही.

शाळेने पहिल्या तीन सूचना मान्य केल्या. दुसऱ्या उताऱ्याबाबत अजून बोलणे चालू आहे. मुलीची झोप सावरायला तीन आठवडे लागले. मधल्या काळात आईने मुलीचीच प्रत वाचायला घेतली आणि एका रात्री मला निरोप पाठवला: "मॅडम, ती बाई पुढे तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात जाते, ते पान गटावर कोणी टाकलेच नव्हते."