मिनिटं मोज

पोरी,

तुझं पत्र वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. मुलींच्या बास्केटबॉल संघाचं काम हाती घेतलंस, शुभेच्छा देणारे पुष्कळ भेटतील तुला. मला पत्रातल्या एकाच वाक्याबद्दल बोलायचंय. तुमचे प्रशिक्षक सर म्हणतात, २०२० साली कोरोनामुळे डब्ल्यूएनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, सगळे संघ एकाच आवारात राहिले, प्रवास नव्हता, म्हणजे थकवाही नव्हता. आपणही महिनाभर एकाच ठिकाणी राहून खेळणार, तर पहिल्या पाच जणींना छत्तीस-छत्तीस मिनिटं खेळवायला काय हरकत? आणि तू लिहितेस, 'मला पटत नाही, पण उत्तर देता येत नाही.'

पटत नाही ना? मग मिनिटं मोज. उत्तर तिथंच आहे.

प्रवासाचा मुद्दा निम्मा खरा आहे, तेवढा मान्य करून टाक. त्या काळी या लीगचे संघ साध्या प्रवासी विमानांनी फिरायचे. ऑगस्ट २०१८ मध्ये लास व्हेगास एसेसना वॉशिंग्टनला पोचायला पंचवीस तासांहून जास्त लागले. त्या अवस्थेत कोर्टावर उतरायला खेळाडूंनी नकार दिला आणि लीगनं तो सामना त्या हरल्या असं ठरवलं. २०२० च्या जुलैत बाराही संघ फ्लोरिडातल्या ब्रेडेंटनला, आयएमजी अकॅडमीत एकत्र आले तेव्हा हा त्रास खरंच संपला. पण वाचलेले तास खेळाडूंच्या वाट्याला आले नाहीत, ते वेळापत्रकानं खाल्ले. २०१९ मध्ये ३४ सामने साडेतीन महिन्यांत झाले होते. २०२० साठी ३६ ठरले होते, ते कापून २२ केले आणि २५ जुलै ते १३ सप्टेंबर अशा ५१ दिवसांत बसवले. आदल्या वर्षी साधारण सव्वातीन दिवसांनी एक सामना यायचा, तो आता सव्वादोन दिवसांनी आला. विमानतळावरची दगदग गेली आणि तिच्या जागी एक दिवसाआड सामना आला.

आता हे सामने कुठल्या पायांनी खेळले गेले ते बघ. त्या काळी या लीगच्या पुष्कळ खेळाडू हिवाळ्यात तुर्कस्तान, रशिया, चीन अशा ठिकाणी खेळायच्या, म्हणून एरवी मे महिन्यात यायच्या त्या सामन्यांची सवय घेऊनच. मार्च २०२० पर्यंत ते सगळं बंद पडलं. जुलैपर्यंत एकही सामना नाही, जिम बंद, गॅरेजमध्ये आणि घरासमोरच्या रस्त्यावर जमेल तेवढा व्यायाम. पोचल्यावर आधी खोलीत विलगीकरण आणि मग जेमतेम दोन आठवडे सराव. इंडियाना फीव्हरच्या दोघी पॉझिटिव्ह आल्या म्हणून तो संघ निघालाच पाच दिवस उशिरा, त्यांचा सराव आणखी आखडला.

एकटीनं धावून दम टिकतो गं. पण बास्केटबॉलमध्ये शरीर मोडतं ते थांबताना, रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू, घेऊन एका पायावर उतरताना, बचावात आडवं सरकताना अचानक दिशा बदलली की. पोटरी, टाचेची शीर, मांडीचा मागचा स्नायू यांना तो झटका सोसायची सवय फक्त तो झटका देऊनच लागते, आणि ती हळूहळू लागते. तुझ्या मुली परीक्षा संपवून थेट शिबिरात येणार आहेत. त्यांचे पायही याच अवस्थेत असणार. ही गोष्ट सरांना पहिल्याच बैठकीत सांग.

आता हिशेब. सामना ४० मिनिटांचा, कोर्टावर पाच जणी, म्हणजे दर सामन्याला २०० मिनिटं वाटायची असतात. बारा जणींत सारखी वाटली तर प्रत्येकीला सोळा-सतरा. तशी कुणी वाटत नाही, वाटूही नयेत. पण पाच जणींना छत्तीस दिलीस की १८० संपली, उरलेल्या सात जणींच्या वाट्याला मिळून वीस. महिन्याचा किराणा पहिल्या आठवड्यात उडवणाऱ्या घरासारखी गत होते मग. तिसऱ्या आठवड्यात एकीचा घोटा मुरगळतो, आणि आतापर्यंत सामन्याला तीन मिनिटं खेळलेल्या मुलीला तुम्ही म्हणता, 'जा, तीस मिनिटं खेळ.' ती कशी खेळेल?

वहीत बारा नावं लिही आणि प्रत्येक सामन्यानंतर प्रत्येकीपुढे चार आकडे मांड. कोर्टावरची मिनिटं, तीही घड्याळ चालू असतानाची. बदली न होता सलग खेळलेला सगळ्यात लांब तुकडा. मेहनतीचा आकडा, शून्य ते दहा. आणि मागच्या तीन सामन्यांच्या मिनिटांची बेरीज.

दुसऱ्या आकड्याकडे बहुतेक लोक बघत नाहीत, म्हणून त्यावर थांबते. दोघी २८ मिनिटं खेळल्या. एक सात-सात मिनिटांच्या चार तुकड्यांत, दुसरी चौदा-चौदाच्या दोन. कागदावर सारख्या, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना बघ दोघींना. सहा-सात मिनिटं सलग झाली की आधी नेम जात नाही, आधी बचावातली बैठक जाते. कंबर वर येते, पाय सरकायचे थांबतात आणि त्यांचं काम हात करायला लागतात. दमलेल्या मुलीचा पहिला हाताचा फाउल दिसला की बदली कर. दुसऱ्या फाउलची वाट बघू नकोस, सरांनाही बघू देऊ नकोस.

मेहनतीचा आकडा सामना संपल्यावर अर्ध्या तासानं विचार, एकेकीला बाजूला घेऊन. सगळ्यांसमोर विचारलंस तर सगळ्या 'पाच' म्हणतील. त्याला मिनिटांनी गुण. तीस मिनिटं आणि आठ, म्हणजे २४०. सरावाचाही असाच काढ, नाहीतर तू सामन्यात वाचवलेलं सर सरावात खर्च करतील. तीन सामन्यांच्या मिनिटांची बेरीज ९० च्या वर गेली आणि सामने एक दिवसाआड असतील, तर मधल्या दिवशी त्या मुलीला फक्त उभ्यानं शूटिंग आणि चालत चालत डावपेच. शंभराच्या वर गेली तर पुढच्या सामन्यात तिची किमान दहा मिनिटं काढून दुसरीला दे. ही माझी कामचलाऊ रेघ आहे, कुठल्या प्रयोगशाळेची नाही. तुझ्या मुलींवर ती थोडी वरखाली होईल, पण रेघ हवीच.

सकाळी भिंतीवर खडूनं उडी मोज. उभ्यानं हात पोचतो तिथली खूण आणि उडी मारून लागते तिथली खूण. तीन उड्या, त्यातली सगळ्यात चांगली धर. ताज्या पायांनी नेहमी ४० सेंटिमीटर उडणारी मुलगी ३६ वर आली आणि दुसऱ्या सकाळीही तिथंच राहिली, तर तिनं 'मी ठीक आहे' म्हटलं तरी ती ठीक नाही. आपल्याकडच्या दमट हवेत सामन्याआधी आणि नंतर वजनही कर. एक किलो उतरलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी, थोडं मीठ घालून, हळूहळू. झोप नऊ तास. यात मी घासाघीस करत नाही.

सरांना उदाहरण हवं असेल तर सिॲटल स्टॉर्मचं दे, कारण विजेतेपद त्यांनी घेतलं. त्यांची ब्रिआना स्टुअर्ट एप्रिल २०१९ मध्ये टाचेची शीर तुटून वर्षभर बाहेर होती. सू बर्डनं गुडघ्यापायी २०१९ चा अख्खा मोसम गमावला होता आणि ती चाळिशीला टेकली होती. मुख्य प्रशिक्षक डॅन ह्यूजेस प्रकृतीच्या कारणानं फ्लोरिडाला येऊच शकले नाहीत, गॅरी क्लोपेनबर्ग यांनी संघ सांभाळला. मोसमात बर्डचा गुडघा पुन्हा दुखावला आणि २२ पैकी ११ सामनेच तिला खेळता आले. तिच्या जागी जॉर्डिन कॅनडा उभी राहिली. हे कुणी आखून केलेलं नव्हतं, गुडघ्यानं करायला लावलं. पण संघात मिनिटं उचलायला माणसं होती, म्हणून त्या १८ सामने जिंकल्या, चारच हरल्या. आणि २ ऑक्टोबरला, अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात, त्याच बर्डनं १६ असिस्ट, म्हणजे थेट बास्केट करून देणारे पास, दिले. अंतिम फेरीत तोवर कुणीही एका सामन्यात इतके दिले नव्हते. स्टुअर्टचे गुण होते ३७. बाद फेरीतले सहाच्या सहा सामने जिंकले त्यांनी, शेवटचा ९२-५९.

समोर एसेस होत्या. साखळीत त्यांचीही कामगिरी १८-४ च होती आणि मोसमाची सर्वोत्तम खेळाडू एजा विल्सन त्यांच्याकडे होती. पण लिझ कॅम्बेज वैद्यकीय कारणानं आलीच नव्हती, केल्सी प्लमची टाचेची शीर मोसमाआधीच तुटली होती, आणि त्या वर्षीची सर्वोत्तम राखीव खेळाडू डिअरिका हॅम्बी उपांत्य फेरीत गुडघा दुखावून बाहेर गेली. पाच सामन्यांच्या त्या फेरीत कनेक्टिकटनं त्यांना पाचव्या सामन्यापर्यंत, २९ सप्टेंबरपर्यंत ताणलं. सिॲटलचं काम २७ लाच तीन सामन्यांत संपलं होतं. अंतिम फेरीआधी एकीकडे चार मोकळे दिवस, दुसरीकडे दोन. विल्सन काही वाईट खेळली नाही. तिच्या मागे मिनिटं उचलणाऱ्या जणी उरल्या नव्हत्या.

कुणी म्हणेल, दुखापत तर नशिबाचा भाग. असते कधी कधी. न्यूयॉर्कची सब्रिना आयोनेस्कू त्या वर्षीच्या ड्राफ्टमधली, म्हणजे संघ नव्या खेळाडू निवडतात त्यातली, पहिली निवड. दुसऱ्या सामन्यात ३३ गुण, तिसऱ्या सामन्यात घोटा गेला आणि तिचा मोसम तिथंच संपला. त्याला थकवा कारण नव्हता. पण दुसऱ्या दिवशी तिची मिनिटं कुणालातरी द्यायचीच होती आणि त्या संघात नवख्याच सात जणी होत्या. बावीसपैकी दोन सामने जिंकल्या. अपघात तुझी वही टाळू शकत नाही. अपघातानंतर कोण उभी राहणार हे मात्र वही आधी सांगते. त्याच मोसमात वॉशिंग्टननं शे पेडी नावाच्या गार्डला सोडून दिलं, फिनिक्सनं तिला घेतलं, आणि १५ सप्टेंबरला शेवटच्या क्षणी तीन गुणांचा बास्केट टाकून तिनंच वॉशिंग्टनला स्पर्धेबाहेर काढलं, ८५-८४. बाकाच्या टोकाला बसलेल्या मुलीकडे बघताना हे लक्षात ठेव.

आणि कृपा करून मला कनेक्टिकटच्या अलिसा थॉमसचं उदाहरण देऊ नकोस. खांदा निखळला, पुढच्याच सामन्यात ती परत खेळली, हे खरं आहे. तिच्या धैर्यापुढे मी मान झुकवते. पण ती व्यावसायिक खेळाडू आहे, तिच्यामागे डॉक्टर आहेत, निर्णय तिचा आहे. तुझी सतरा वर्षांची मुलगी दुखणं अंगावर काढते ती सरांच्या धाकानं, आणि आपण त्याला जिद्द म्हणून टाळ्या वाजवतो. मला याच गोष्टीची खंत आहे. मुलींचे गुडघ्यातले लिगामेंट मुलांपेक्षा कितीतरी जास्त तुटतात हे सगळ्यांना माहीत आहे. तरीही जिल्ह्याच्या, विद्यापीठाच्या स्पर्धांत रोज सामना, कधी दिवसाला दोन, आणि मिनिटांची नोंद कुणाकडे नाही. गुडघा गेला की 'व्यायाम कमी पडला' म्हणून मुलीच्याच माथी मारायचं. मला या बाबतीत हट्टी म्हणतात. मी हट्टी आहेच, आणि वही उघडून दाखवल्याशिवाय या विषयावर कुणाशी वाद घालत नाही. तूही घालू नकोस.

कोर्टाबाहेरचंही धर हिशेबात. ब्रेडेंटनला रोज स्वॅब द्यावा लागे आणि निकाल आल्याशिवाय काही हलत नसे. २० सप्टेंबरला सिॲटल-मिनेसोटा उपांत्य सामना ऐनवेळी पुढे ढकलला, कारण सिॲटलच्या काही जणींचे निकाल स्पष्ट आले नव्हते. सामना २२ ला झाला, ॲलिशा क्लार्कनं अगदी शेवटच्या क्षणी जिंकून दिला, ८८-८६. पण जेवण, झोप, मन सगळं सामन्याला लावलेलं असताना सामनाच न होणं हाही भार असतो. असा दिवस वहीत अर्धा सराव म्हणून लिहायचा. जिंकलेला संघ आणि हरलेला संघ एकाच जेवणघरात. कँडेस पार्करसारख्या आया लेकरांना बरोबर घेऊन आलेल्या. मोसम पोलिसांच्या गोळीनं मेलेल्या ब्रिओना टेलरच्या नावे, जर्सीवर तिचं नाव. पोलिसांनी जेकब ब्लेक या कृष्णवर्णीय माणसाला गोळ्या घातल्यावर २६ ऑगस्टला वॉशिंग्टनच्या खेळाडू पाठीवर सात गोळ्यांची भोकं दाखवणारे शर्ट घालून आल्या, त्या दिवशीचे आणि दुसऱ्या दिवशीचे सामने झाले नाहीत. त्या दोन दिवसांना विश्रांती म्हणणाऱ्याला त्या मुली कळल्याच नाहीत.

तुझ्या मुलींचं ओझं वेगळं असेल. घरून येणारे फोन, निकालाची धास्ती, पाळी. पाळीचं तूच विचार, सांगायचं असेल तरच सांगू दे, आणि ती नोंद सरांच्या कागदावर जाता कामा नये.

सरांशी बोलताना 'मुली दमतात' असं म्हणू नकोस, ते ऐकणार नाहीत. पहिल्या तीन सामन्यांचा तक्ता समोर ठेव आणि विचार, 'सर, चौथ्या क्वार्टरमधले फाउल कुणाचे आहेत बघा, आणि त्या किती मिनिटं सलग खेळल्यात.' मग गप्प बस. बदल्यांचं वेळापत्रक तयार ठेव: पहिल्या क्वार्टरच्या पाचव्या मिनिटाला दोघी आत, आठव्याला आणखी एक. सामना अटीतटीचा असला तरी पहिल्या अर्ध्यात त्याला हात लावायचा नाही. शेवटची पाच मिनिटं सरांची, ती त्यांना हवी तशी खेळवू देत.

पहिला तक्ता भरला की मला पाठव. बाराही नावं हवीत, न खेळलेल्यांची सुद्धा. त्यांच्यापुढे शून्य लिही, रिकामं सोडू नकोस.