भाड्याच्या इमारतीचं मूल्यांकन: आधी मंजूर नकाशा, मग टेप

पाच-सहा बिऱ्हाडांच्या इमारतीचं कर्जासाठी मूल्यांकन करायला निघालात, की आधी फाइलमध्ये महापालिकेच्या नगररचना विभागाचा झोन दाखला (जमीन कोणत्या वापराच्या पट्ट्यात आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा (विकास आराखड्यातला त्या प्लॉटभोवतीचा तुकडा) आहे का ते बघा. प्लॉटवर विकास आराखड्यातला रस्ता किंवा सार्वजनिक कामासाठीचं आरक्षण निघालं तर सगळाच हिशेब बदलतो. गोदाकाठी पूररेषाही तपासा: निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

मग मंजूर नकाशा हातात धरून जिना चढा. मजल्यागणिक दारं मोजा, खाली येऊन वीजमीटर मोजा. पंपाचा आणि जिन्याचा मीटर सोडून सहा भरले आणि नकाशात सदनिका चारच, तर जास्तीच्या दोन कुठून आल्या? बहुधा स्टिल्ट पार्किंगला (इमारतीखालच्या, खांबांवरच्या मोकळ्या पार्किंगला) भिंती घालून एक काढलेली असते, गच्चीवर पत्रे टाकून दुसरी. सामासिक अंतरातलं, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेतलं बांधकाम टेपने मोजून चौरस मीटरमध्येच लिहा. ‘थोडं वाढीव’ या शब्दांचा बँकेला काडीचा उपयोग नाही.

‘घरपट्टी भरतो, म्हणजे अधिकृतच’ असं मालक हमखास सांगतात. कर आकारल्याने बेकायदा बांधकाम नियमित होत नाही. इमारत मंजुरीप्रमाणे बांधून वापरायला योग्य आहे असं सांगणारं महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र मागा.

मूल्य मंजूर क्षेत्राचंच काढा, अनधिकृत खोल्यांचं भाडं उत्पन्नात धरू नका. जुन्या परवानगीने रीतसर बांधलेली, पण आजच्या नियमांत न बसणारी इमारत मात्र वेगळी. तिला अनधिकृत म्हणू नका. ती पडली तर सध्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार तेवढ्याच सदनिका पुन्हा बांधता येतील का, हे अहवालात स्पष्ट लिहा.