सहा महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या बॅटरीसाठी चार्जर कोणता घ्यावा?

नोव्हेंबरपासून मेपर्यंत आपण मुलीकडे परदेशी जाणार असून तोवर कोथरूडच्या सोसायटीत आपली पेट्रोल मोटार आणि स्कूटर उभी राहणार आहे. त्यासाठी किती अँपिअरचा चार्जर घ्यावा, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते अँपिअरचा विचार नंतर करावा. चार्जर कोणत्या व्होल्टवर थांबतो आणि वीज जाऊन परत आल्यावर काय करतो, हे आधी पाहावे.

मोटार बंद असली तरी तिचे घड्याळ, अलार्म आणि संगणक थोडी वीज ओढतच असतात. ही ओढ ३० मिलिअँपिअर धरली, तर दिवसाला सुमारे ०.७ अँपिअर-तास खर्च होतात आणि ३५ अँपिअर-तासांची बॅटरी साडेतीन आठवड्यांत निम्म्यावर येते. अर्धवट उतरलेल्या लेड-ॲसिड बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे कठीण स्फटिक साचतात आणि मग पुन्हा चार्ज करूनही ती पूर्वीसारखी भरत नाही. २०२० च्या टाळेबंदीत माझी मोटार तीन महिने जागची हलली नाही आणि मी हे पैसे मोजून शिकलो. आठवड्यातून पाच मिनिटे इंजिन चालू करण्याचा सल्ला आपल्याला अनेक जण देतील, पण तेवढ्या वेळात बॅटरी पुरेशी भरत नाही.

म्हणून जुन्या पद्धतीचा, एकसारखा प्रवाह ढकलत राहणारा चार्जर नको. बॅटरी भरल्यावर आपोआप ‘फ्लोट’वर, म्हणजे ती नुसती भरलेली ठेवण्यापुरत्या कमी विद्युतदाबावर (व्होल्टेजवर), जाणारा चार्जर, म्हणजे मेंटेनर, हवा. साधारण २५ अंश सेल्सिअसला फ्लोटचा दाब १३.५ ते १३.८ व्होल्ट योग्य असतो, परंतु एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो आणि तापमानाच्या दर अंशामागे हा दाब सुमारे १८ मिलिव्होल्टने, म्हणजे चाळीस अंशांना जवळजवळ पाव व्होल्टने, कमी करावा लागतो. तसे न झाल्यास बॅटरीतले पाणी उडत राहते, आणि ‘मेंटेनन्स-फ्री’ बॅटरीत ते वरून घालण्याची सोयही नसते. तेव्हा तापमानानुसार दाब बदलणारा चार्जर मिळाल्यास थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. न मिळाल्यास १३.५ च्या आसपास थांबणारा बरा. आपली बॅटरी साधी, एजीएम (काचतंतूंच्या चटईत आम्ल शोषून ठेवलेली) की लिथियम, हे तिच्या लेबलवर पाहून चार्जरवर तोच प्रकार निवडावा. लिथियमला सल्फेट काढणारा ‘रिपेअर’ मोड कधीही लावू नये.

आता विजेचा प्रश्न. आपल्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते आणि पावसाळी वाऱ्यात तर कधीही जाते. बटण दाबून सुरू करावे लागणारे काही चार्जर वीज परत आल्यावर नुसते दिवा लावून बसतात. विकत घेण्यापूर्वी दुकानातच चार्जर बॅटरीला जोडून, प्लग काढून पुन्हा लावून, चार्जिंग आपोआप सुरू होते का ते पाहून घ्यावे. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

अँपिअरचे म्हणाल तर एक अँपिअर पुरेसा आहे, कारण भरलेली बॅटरी भरलेली ठेवायला फारच थोडा प्रवाह लागतो. मात्र उतरलेली ३५ अँपिअर-तासांची बॅटरी भरायला त्याला दीड-दोन दिवस लागतील, म्हणून जोडण्यापूर्वी ती पूर्ण भरलेली असावी. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर मल्टीमीटरवर १२.६ व्होल्ट किंवा अधिक दिसायला हवेत. स्कूटरसाठी वेगळा चार्जर घेण्याची गरज मला वाटत नाही. तिची चार-पाच अँपिअर-तासांची बॅटरी काढून घरात सावलीत ठेवावी आणि शेजाऱ्यांना दर दोन महिन्यांनी ती याच चार्जरवर एक दिवस लावण्याची विनंती करावी.

पार्किंगमधला प्लग सहसा सोसायटीच्या सामायिक मीटरवर असतो, त्यामुळे सचिवांची लेखी परवानगी घ्यावी आणि प्लगवर ‘काढू नये’ अशी चिठ्ठी चिकटवावी. आमच्याकडे कोणीतरी मोबाइल चार्ज करायला माझा प्लग काढला होता, आणि क्लिपा लावलेल्याच राहिल्यामुळे तो चार्जर उलट बॅटरीतूनच थोडी वीज ओढत राहिला. प्लगची खात्री नसेल तर चार्जरचा नाद सोडावा आणि निघण्याच्या दिवशी मोटारीचे निगेटिव्ह टर्मिनल दहा नंबरच्या पान्ह्याने सोडून ठेवावे.